ऑस्टिनच्या नावाचा नवस

पोटचं पोर देवाला देऊन टाकलेली बाई कुणाला बघायची असेल, तर त्याने दार्सैतला आमच्या बिल्डिंगमध्ये यावं. तिसऱ्या मजल्यावर ब्रेंडा राहते आणि तिच्या बरोबर खाली मी. दोघीही वसईच्या, दोघीही लग्न करून मस्कतला आलेल्या. साखर, कोथिंबीर आणि नवऱ्यांच्या तक्रारी आमच्या जिन्यावरून कायम वरखाली होत असतात.

ब्रेंडाचा ऑस्टिन दिवस भरायच्या आत जन्मला. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते पोर तळहातावर मावलं असतं, आणि डॉक्टर काही धड सांगत नव्हते. तेव्हा ब्रेंडाने पर्समधलं माउलीचं, येशूच्या आईचं, चित्र काढून पेटीच्या काचेला टेकवलं आणि नवस बोलला, की याला वाचव, मी याला तुझ्या लेकाच्या सेवेला देते. पोर वाचलं. आमच्या वसईच्या लोकांना अशा नवसाचं नवल नाही. कुणी मेणबत्त्या बोलतं, कुणी अनवाणी देवळात जायचं बोलतं. ब्रेंडाने एकदम पोरच बोलून टाकलं.

तेव्हापासून ऑस्टिन कुणाचा, हा प्रश्नच उरला नाही. चर्चमध्ये फादरांच्या हाताखाली वेदीसेवक झाला, तेव्हा सगळे त्याला छोटे फादर म्हणू लागले. वाढदिवसाच्या केकवर क्रूस असायचा. पार्टीत ग्लास हातात धरलेले अंकल लोक त्याच्यापुढे मान वाकवून म्हणायचे, फादर, आशीर्वाद द्या. पोरगं हसायचं आणि हात वर करायचं. आपण ज्याला हसतोय त्याला मनातून घाम फुटलाय, हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते माझ्या लक्षात आलं, कारण माझं कामच ते आहे. मी रुवीला एका कंपनीत माणसं भरते. नको त्या कामाला जुंपलेला माणूस मला तो खुर्चीत बसायच्या आधी ओळखू येतो. म्हणूनच आमच्या चर्चच्या फादरांनी मला गळ घातली, की शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्साची प्रार्थना झाल्यानंतर कॉलेजच्या मुलांना घेऊन तासभर बस, त्यांना विषय निवडायला, आपलं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ओळखायला मदत कर. मी म्हटलं, फादर, मला बायबल फारसं येत नाही. ते म्हणाले, बायबल माझ्याकडे आहे, तू माणसं बघ.

माझ्याकडे मुलं येतात ती घाबरलेलीच. कुणाला आईबापांची भीती, कुणाला मार्कांची, कुणाला व्हिसाची. पण सगळ्यांत जास्त भीती त्यांना देवाची असते, हे मला तो वर्ग घेईपर्यंत माहीत नव्हतं. देवाने आपल्यासाठी एकच वाट आखलीय, आणि आपण चुकीचा विषय घेतला की ती कायमची हुकली, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. मी त्यांना सांगते, देव म्हणजे कॉलेजचं ऑफिस नव्हे, तारीख गेली म्हणून खिडकी बंद करायला. आणि पाचारण म्हणजे फक्त फादर आणि सिस्टर नव्हेत. नर्सला असतं, मास्तराला असतं, सोहारच्या कारखान्यात भट्टीपुढे उभं राहणाऱ्यालाही असू शकतं. मग मी एक प्रश्न टाकते आणि गप्प बसते. कुणी सांगितलेलं नसताना, कुणी बघत नसताना, तुम्ही काय करत बसता?

बहुतेक जण म्हणतात, मोबाईल. ऑस्टिनने खिशातून दगड काढला.

"हे काय रे?" मी विचारलं.

"आन्टी, हा ना, पहिले समुद्राच्या खाली होता," तो म्हणाला. या मुलांचं मराठी असंच, अडखळत चालतं. "आता डोंगरावर आहे. मला ते कसं झालं, ते बघायला आवडतं. माझ्या बाल्कनीत खूप आहेत. मम्मी बोलते, फेकून दे."

मी दगड हातात घेतला. काळपट हिरवा, एका बाजूने गुळगुळीत. मला त्यात काही दिसलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी मुलाखतीला आलेल्या शंभरातल्या एखाद्याच्या चेहऱ्यावर पाहते. मी म्हटलं, मग तुझ्या कॉलेजात भूगर्भाचा विषय आहे की, तोच घे. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला?

त्याने दगड परत घेऊन खिशात टाकला. बाकीची मुलं गेल्यावर मात्र खुर्च्या रचायच्या निमित्ताने मागे राहिला. हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो.

"आन्टी, मी गॉडला नो म्हणू शकतो का?"

माझ्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"मम्मी बोलते, मी प्रॉमिस केलेला आहे. म्हणजे मी नाही केलं, पण मी प्रॉमिसमध्ये आहे. मी फादर व्हायला सेमिनरीत नाही गेलो तर गॉड परत घेईल."

"काय परत घेईल?"

"मला. नाहीतर डॅडीला. कुणाला तरी." त्याने खुर्ची दुसऱ्या खुर्चीवर ठेवली. "मला रात्री झोप नाही येत, आन्टी. डॅडी दुक्मच्या साइटवरून गाडी चालवत येतात ना, तर मी मॅपवर बघत बसतो."

त्या दिवशी मला ब्रेंडाचा जो राग आला तो सांगता येणार नाही. मी थेट फादरांकडे गेले. ते म्हणाले, नवस ज्याने केला त्यालाच बांधतो. आई स्वतःचं सोनं देऊ शकते, स्वतःचे गुडघे झिजवू शकते, मुलाचं आयुष्य नाही देऊ शकत. मी तिला हे दोनदा सांगितलंय, नवस बदलून देतो असंही म्हणालोय. ब्रेंडाने त्यांना काय उत्तर दिलं होतं? म्हणाली होती, फादर, तुम्ही सोडवाल हो, पण माउलीने ऐकलंय ना.

ब्रेंडा वाईट नाही. ती घाबरलेली आहे. पेटीच्या काचेपलीकडचं ते पोर तिच्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही, आणि ज्या हाताने दिलं तो हात कधीही पुढे येईल असं तिला रोज वाटतं. तिने वसईला एका फादरांशी बोलून ठेवलं होतं. जूनमध्ये ऑस्टिनला सेमिनरीत पाठवायचं. इकडे कॉलेजमध्ये विषय निवडायची मुदत येत्या आठवड्यात संपत होती.

मी ऑस्टिनला सांगितलं, की खोटं बोलून देवाची सेवा होत नाही. तुला आतून बोलावणं आलं तर खुशाल जा, मी स्वतः तुझी बॅग भरीन. पण भीतीने जाऊ नकोस. या शुक्रवारी डॅडी घरी येतील तेव्हा दोघांसमोर स्वच्छ सांगून टाक. काही होणार नाही.

काही होणार नाही, हे शब्द माझेच.

स्टॅन्ली, ब्रेंडाचा नवरा, दुक्मला एका प्रोजेक्टवर फोरमन आहे. तिकडे समुद्र, रिफायनरी आणि वाळू, बाकी काही नाही. एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी तो पहाटे निघतो आणि जेवायच्या वेळेला दार्सैतला पोचतो. रस्ता सरळ, पण माणूस दिसत नाही, फोन मधेच मरतो, आणि उंट वाटेल तिथून रस्त्यावर येतात. माणूस देवाधर्माचा नव्हे. सणासुदीला मिस्साला येतो तो बाहेर पार्किंगमध्ये उभा राहायला. फादरांचं प्रवचन संपलं की आत येतो.

त्या शुक्रवारी सकाळची मिस्सा झाली. मी घरी येऊन कोळंबी साफ करत होते. दारावर बेल वाजली नाही, हाताने दार बडवलं गेलं. उघडलं तर ब्रेंडा. मिस्साला नेसलेली साडी अजून अंगावर, पण डोळे कुठेतरी भलतीकडे.

"त्याने नाही म्हटलं," ती म्हणाली. "डॅडी यायची वाट पण नाही बघितली. चर्चमधून येताना टॅक्सीतच म्हणाला. मी जाणार नाही, मम्मी. रीटा, तू शिकवलंस ना त्याला हे?"

"मी त्याला खरं बोलायला शिकवलं."

"बरं. आता बघ काय होतं." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळू बोलली, आणि जिना चढून वर गेली.

जेवायची वेळ झाली. वरून खुर्च्यांचा आवाज येईल, स्टॅन्लीचं हसणं येईल, म्हणून माझा कान वर होता. काहीच आलं नाही. मग ऑस्टिन खाली आला. त्याच्या हातात फोन होता.

"आन्टी, डॅडीचा फोन स्विच ऑफ येतो. मॅपवर पण ते हलत नाहीत. सकाळपासून एकाच जागेवर आहेत."

मी त्याच्या फोनकडे पाहिलं. दुक्मच्या रस्त्यावर, महौतच्या जवळ, चहूबाजूला काही नाही अशा जागी, एक निळा ठिपका होता. शेवटचं ठिकाण, असं खाली लिहिलेलं. मी म्हटलं, नेटवर्क नसेल रे, तिकडे कुठे असतं नेटवर्क. आणि गॅस बंद करून त्याच्याबरोबर वर गेले.

ब्रेंडा माउलीच्या तसबिरीपुढे गुडघ्यांवर होती. टेबलावर ताटं मांडलेली, भाताच्या भांड्यावर झाकण. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या जपमाळेचे मणी एकमेकांवर आपटत होते. ऑस्टिन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. खोलीत एसी चालू होता तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी स्टॅन्लीच्या साइटवरच्या उत्तमला फोन लावला. उत्तम कणकवलीकडचा, त्याच्याच खोलीत राहणारा. 

"वहिनी, तो तर पहाटेच निघाला," उत्तम म्हणाला. "चहा पण नाही घेतला. मी म्हटलं, अरे थांब, धुकं आहे. तर म्हणतो, यल्ला, निघतो, ब्रेंडा जेवायला थांबते." मग त्याने आवाज खाली आणला. "ब्रेंडा वहिनींना सांगू नका. पण आमचा एक ड्रायव्हर आत्ता तिकडून आला. महौतच्या आसपास एक गाडी उलटलीय म्हणतो. सफेद गाडी."

ओमानमध्ये दर दुसरी गाडी सफेद असते. हे मी स्वतःला सांगितलं. तरीही मी बाल्कनीत गेले आणि पोलिसांना फोन लावला. तिथल्या माणसाने गाडीचा नंबर विचारला, तो मला माहीत नव्हता. ऑस्टिनला विचारावा तर त्याला कळणार. मी नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. थोड्या वेळाने कळवतो म्हणाला, इन्शाल्ला खैर, सगळं ठीक असेल. माझ्या पायाशी ऑस्टिनचे दगड होते, आकाराप्रमाणे लावून ठेवलेले, प्रत्येकाखाली कागदाचा एक तुकडा. मला ते बघवेनात.

खरं सांगते, तोपर्यंत मी नवस, शाप, देवाचा कोप या सगळ्याला हसत होते. माझा देव असा नाही, असं मी मुलांना शिकवत होते. पण त्या बाल्कनीत उभी असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोराने सकाळी नाही म्हटलं, आणि बाप गेला. मी म्हणायला लावलं. मनात म्हटलं, रीटा, हा योगायोग आहे, तू शिकलेली बाई आहेस. मन म्हणालं, असेल योगायोग, पण स्टॅन्ली मेला असेल तर ते पोर आयुष्यभर काय समजेल? आणि तू काय समजशील?

मागे चाहूल लागली. ब्रेंडा उठून बाल्कनीच्या दारात आली होती. मी फोन लपवायला गेले तो तिने पाहिला.

"कुणाला फोन केलास? काय झालं? सांग मला."

"काही नाही अजून. विचारतेय."

"पोलिसांना केलास." ती माझ्याकडे बघत होती, पण बोलली मुलाशी. "बघितलंस, ऑस्टिन? मी तुला सांगितलं होतं. मी मागितलं नव्हतं रे बाबा माउलीकडून काही फुकट. तिने तुला दिलं, आता ती डॅडीला घेते."

"ब्रेंडा, गप्प बस," मी म्हटलं. "पोराला असं बोलू नकोस."

"मग कुणाला बोलू? तुला बोलू?"

शेजारच्या मशिदीतून दुपारची, अस्रची बांग सुरू झाली. ती संपेपर्यंत आम्ही तिघंही जागच्या जागी होतो. बांग थांबली तेव्हा ऑस्टिन तसबिरीकडे गेला. गुडघे टेकले नाहीत, नुसता उभा राहिला, शाळेत शिक्षा झालेली मुलं उभी राहतात तसा.

"ओके," तो म्हणाला. "डॅडीला घरी आण. मी जाईन. मी सेमिनरीत जाईन. प्रॉमिस. आता माझंच प्रॉमिस."

ब्रेंडाने तोंडावर पदर दाबला आणि रडू लागली. मी धावत जाऊन ऑस्टिनचे खांदे धरले, म्हटलं, असा शब्द देऊ नकोस, असा शब्द देवही घेत नाही. त्याने माझे हात बाजूला केले, रागाने नाही, पण केले.

"आन्टी, तुम्ही बोलला होता काही होणार नाही."

मी खुर्चीत बसले. भांड्यातला भात गार झाला होता. ब्रेंडाने नवी मेणबत्ती लावली. पोलिसांचा फोन आला नाही, उत्तमचाही आला नाही. खाली एखादी गाडी थांबली की आम्ही तिघं एकदम मान वर करायचो, आणि मग कुणीतरी दुसरंच दार लावून निघून जायचं.

बाहेरचा उजेड पिवळा झाला होता, संध्याकाळची बांग व्हायची होती, तेव्हा किल्ली कुलपात फिरली.

स्टॅन्ली दारात उभा होता. डोक्यापासून पायांपर्यंत वाळू, हाताला फडकं गुंडाळलेलं, ओठ फुटलेले. त्याने आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "कोण मेलंय?"

ब्रेंडा त्याच्या अंगावर जवळजवळ कोसळली. माझ्याही जिवात जीव आला आणि मला एकदम इतका राग आला की मी त्याला दोन शिव्या हासडल्या. गाडी वाळूत रुतली होती, एवढंच. महौतच्या अलीकडे. फोन काचेजवळ उन्हात राहून बंद पडला, तो रात्रीच काय तो पुन्हा सुरू झाला. उंटांचा चारा नेणारा एक ओमानी आला आणि त्याने दोरी लावून गाडी बाहेर ओढली. त्याने स्वतःचा फोन पुढे केला, पण हल्ली बायकोचा तरी नंबर पाठ कुणाचा असतो? ती उलटलेली सफेद गाडी दुसऱ्या कुणाची तरी होती. त्या माणसाच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो ढकलून दिला.

स्टॅन्ली पाणी मागत बसला. ब्रेंडाने त्याचे बूट काढले, आणि बूट काढता काढता सगळं सांगितलं. ऑस्टिनने सकाळी नाही कसं म्हटलं, मग तो निळा ठिपका, मग पोलीस, आणि मग मुलाने माउलीला दिलेला शब्द.

"त्याने शब्द दिला, आणि तू आलास," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आता यापुढे काही बोलायचं नाही. जूनला तो जाणार."

मी ऑस्टिनकडे पाहिलं. बाप जिवंत घरी आलेला मुलगा असा दिसत नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि हसायचा प्रयत्न करत होता, पार्टीत छोटे फादर म्हटल्यावर हसायचा तसा. स्टॅन्लीनेही त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ग्लासातलं पाणी संपवलं, आणखी मागितलं, तेही संपवलं.

"ब्रेंडा, इकडे बस," मग तो म्हणाला. "आता मोठी पंचाईत झाली."

"कसली?"

"मीही नवस बोललोय."

ब्रेंडाच्या हातातला बूट खाली पडला. "तू?"

"मीच. वाळूत चाक फिरत होतं, डोक्यावर ऊन, रस्त्यावर कुणी नाही. मला वाटलं, खलास. तेव्हा मी माउलीला म्हटलं, मला घरी पोचव. मी ऑस्टिनला त्याच्या मनासारखं शिकू देईन. त्याला कुठेही जबरदस्तीने पाठवणार नाही, पाठवू देणार नाही. असं बोललो, आणि तो चारावाला आला."

ब्रेंडाने बूट उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"पण ऑस्टिनने..." ब्रेंडा म्हणाली.

"त्याने कधी शब्द दिला?"

"अस्रच्या बांगेनंतर."

"अस्रची बांग मी महौतच्या बरंच पुढे, सिनावच्या पेट्रोल पंपावर ऐकली. गाडी तेव्हा कधीच बाहेर निघाली होती. म्हणजे माउलीने माझं ऐकलं, त्याच्या आधी." त्याने ब्रेंडाचा हात हातात घेतला. "आता मी माझा नवस मोडला तर काय होईल, तूच सांग. मला उद्या पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय."

फादरांनी दोनदा समजावलं होतं, मी तर किती वेळा. आमच्या शहाणपणाने जे झालं नाही ते या एका वाक्याने झालं. ब्रेंडा नवऱ्याकडे बघत राहिली, मग तसबिरीकडे, मग मुलाकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती तीच होती, फक्त तिने कूस बदलली होती. नवसाला नवसच भारी पडतो, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

"मोडायचा नाही," ती शेवटी म्हणाली. "तुझा मोडायचा नाही. माझा मी फादरांकडून बदलून घेईन. गुडघ्यांवर जाईन मी."

ऑस्टिन भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. स्टॅन्ली उठला नाही. त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्याकडे सरकवलं. तो एक पांढरट दगड होता, त्यावर शिंपल्याचा ठसा, रेघ न् रेघ दिसत होती. ऑस्टिनने बाहीने डोळे पुसले, दगड उजेडात धरला आणि विचारलं, "डॅडी, हा कुठे मिळाला?"

"रस्त्यातच," स्टॅन्ली म्हणाला.

मी निघाले तेव्हा तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला. दार ओढून घेतलं. दिव्याखाली त्याचा चेहरा मला आत होता त्यापेक्षा म्हातारा दिसला.

"रीटा, फादर म्हणतात नवस बदलता येतो. खोट्या नवसाचं काय करतात?"

मला आधी कळलंच नाही. "कुठला खोटा नवस?"

"मी काही बोललो नव्हतो गं. देवाचं नाव निघालं असेल तर शिवीतच. घाबरलो पण नव्हतो." त्याने हाताचं फडकं सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तो दगड लांबून चमकला म्हणून गाडी रस्त्यावरून खाली घातली. पोराला आवडेल म्हणून. तिथेच रुतली. नंतर इकडे येऊन त्याचं तोंड पाहिलं, आणि तोंडातून निघालं ते निघालं."

"मग चांगलं केलंस."

"माउलीच्या तसबिरीपुढे बसून तिच्या नावाने खोटं बोललो. असं मी आयुष्यात केलं नाही." तो कसंबसं हसला. "ब्रेंडाचं खरं असेल तर? माउली खरंच हिशेब ठेवत असेल तर?"

मी मुलांना जे सांगते ते सगळं माझ्या जिभेवर होतं. देव असा नाही, देव भीतीत नसतो. पण त्या दिवशी दुपारी मी बाल्कनीत काय विचार करत होते ते मला माहीत होतं. काही होणार नाही, हे शब्द मी तोंडात येऊ दिले नाहीत.

"फादरांकडे जा, सांगून टाक," मी म्हटलं.

"सांगेन. पण ब्रेंडाला कळता कामा नये, आणि पोरालाही. त्यांना खरंच वाटू दे." तो कठड्याला धरून उभा राहिला. "भीती कुणालातरी वाटणारच असेल तर मला वाटू दे, रीटा. त्याला झोपू दे."

शनिवारी दुपारी तो दुक्मला परत निघाला. फादर कुठल्या तरी कुटुंबाकडे गेले होते, भेट झाली नव्हती. मी खिडकीतून पाहत होते. ऑस्टिनने पिशवी गाडीत ठेवली. रात्रभर झोपलेल्या माणसाचे डोळे होते त्याचे. ब्रेंडा शेजारी निर्धास्त उभी होती, कारण तिच्या हिशेबाने आता तिच्या नवऱ्याला कुणी हात लावणार नव्हतं. स्टॅन्लीने दोघांना टाटा केला, काच वर घेतली, आणि गाडी सुरू करायच्या आधी आरशाला टांगलेल्या जपमाळेवर हात ठेवला. ती माळ ब्रेंडाने कधीची अडकवलेली. तो तिला हात लावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी ऑस्टिन कॉलेजात भूगर्भाचा विषय घेणार होता. वर जाताना त्याने माझ्या दाराशी थांबून सांगितलं, आन्टी, तुम्ही बरोबर बोलला होता. मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. बेंजामिन, माझा नवरा, हॉटेलच्या ड्युटीवरून आला, म्हणाला, काय झालं, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, कुणाची नाही. टीव्ही लावला आणि आवाज बंद ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातात जपमाळ आली, आणि मी ती प्रार्थनेसाठी नव्हे, भीतीने धरली होती.

जेवणं झाल्यावर फोन वाजला. स्टॅन्लीचा मेसेज होता, फक्त मला.

पोचलो. या वेळी तरी.